घोडा असण्याचा अनुभव

गेल्या रविवारी वाळपईजवळच्या रस्त्यावर शेवंती नावाच्या मारवाडी घोडीने मला खोगिरावरून उतरवून भाताच्या वाफ्यात बसवले, याबद्दल माझी तक्रार नाही. पोदेराने, म्हणजे सायकलवरून पाव विकणाऱ्याने, भोंगा वाजवला, त्याच्या पावाच्या टोपलीवरचे निळे प्लास्टिक वाऱ्याने फडफडले, घोडी एकाच ढांगेत आडवी सरकली आणि मी होतो तिथेच राहिलो. माझ्याखाली मात्र आता घोडी नव्हती. माझी तक्रार त्यानंतरच्या प्रकाराबद्दल आहे, आणि ती कमरेच्या दुखण्यापेक्षा अधिक टिकाऊ ठरत आहे.

शेवंतीची बाजू मला समजते. घोडा हा लढून नव्हे, पळून जगलेला प्राणी आहे. डोळे डोक्याच्या दोन बाजूंना असल्यामुळे त्याला जवळजवळ 350 अंशांतले जग एकाच वेळी दिसते. दिसत नाही ते फक्त अगदी कपाळासमोरचे आणि शेपटीच्या थेट मागचे. लाल आणि हिरवा यांतला फरक त्याला नीट कळत नाही, निळा मात्र चांगला कळतो. आता आषाढातल्या गोव्यात, जिथे सरपणापासून स्कूटरपर्यंत आणि पडवीपासून अर्धवट बांधलेल्या बंगल्यापर्यंत सगळ्यांवर निळी ताडपत्री पांघरलेली असते, तिथे अशा प्राण्याने शांत राहावे अशी अपेक्षा करणे हाच मुळात अन्याय आहे. त्यात जाताना उजव्या डोळ्याने पाहून मान्य केलेली ताडपत्री येताना डाव्या डोळ्याला दिसली की नव्याने ओळख करून द्यावी लागते. मारवाडी घोड्यांचे कान टोकाशी आत वळलेले असतात. शेवंतीच्या कानांची टोके एकमेकांना भिडली की पुढच्या क्षणी काहीतरी होणार, एवढे मी वरून पाहून शिकलो आहे. काय होणार, ते कान सांगत नाहीत.

आमच्या घोडेस्वारीच्या मास्तरांचा उपाय शास्त्रशुद्ध आहे. घोडी ज्या वस्तूला बिचकते तिच्यापासून बऱ्याच अंतरावर थांबायचे, तिची मान खाली येऊन ती ओठ चाटू लागेपर्यंत वाट पाहायची, लगेच मागे वळवून तिला सुटका द्यायची आणि पुढच्या खेपेस थोडे अधिक जवळ जायचे. नाक ताडपत्रीला जबरदस्तीने लावायचे नाही. स्वाराने टाचा खाली ठेवायच्या, लगाम आवळायचा नाही, श्वास सोडत राहायचा आणि मुख्य म्हणजे आत्मविश्वास बाळगायचा. हा शेवटचा पदार्थ कुठे मिळतो, हे विचारले की मास्तर “तो आतून यावा लागतो” असे सांगून चहाला जातात. स्वीडनमध्ये संशोधकांनी स्वारांना सांगितले होते की या फेरीत घोडा जवळून जाताना छत्री उघडली जाईल. छत्री उघडलीच नाही, तरी स्वारांच्या हृदयाचे ठोके वाढले, आणि त्यांच्याबरोबर घोड्यांचेही. हा प्रयोग 2009 साली प्रसिद्ध झाला. त्या देशात निदान छत्री मिटलेली तरी राहिली. वाळपईच्या सत्तरी तालुक्यात जुलैमध्ये ती सोय नाही.

तर मी वाफ्यातून उठत होतो, तेव्हा मोरीच्या कठड्यावरून उठून आलेला एक गृहस्थ शेवंतीचा लगाम धरून उभा होता. शर्टाच्या कॉलरला मागे मिटलेली छत्री अडकवलेली, पायजमा गुडघ्यापर्यंत दुमडलेला, तोंडात विडा.

“कितें जालें गो?” त्याने अतिशय आपुलकीने विचारले. प्रश्न घोडीला होता.

“तुम्हांला घोड्यांची माहिती आहे का?” मी चिखल निपटत विचारले.

“माहिती म्हणजे?” तो दुखावल्यासारखा म्हणाला, “मी घोडा आहे.”

मी काहीच बोललो नाही, म्हणून त्याने खुलासा केला. शिगम्यात, म्हणजे गोव्यातल्या होळीच्या सणात, सत्तरी, डिचोली, पेडणे या भागांत घोडेमोडणी असते. कमरेला घोड्याच्या तोंडाचा सांगाडा बांधून, डोक्याला फेटा आणि हातात तलवार घेऊन ढोलाच्या तालावर नाचायचे. त्याच्या गावच्या मोडणीत तो अठरा वर्षे घोडा होता आणि त्याआधी त्याचे वडील घोडा होते. 1852 साली नाणूसला पोर्तुगिजांविरुद्ध उठाव करणाऱ्या दिपाजी राण्यांपर्यंत त्याने आपले घराणे जवळजवळ नेऊन भिडवले, आणि मग माझ्या चिखललेल्या पाटलोणीकडे पाहून तो सद्गदित झाला.

“बाब, तुम्ही वर बसून खालच्याला सांगता, भिऊ नको. माझे तसे नाही. मीच घोडा, मीच स्वार. कमरेखाली भ्यालो तर कमरेवर तलवार कोण नाचवणार?”

“तुमच्या घोड्याला पाय नसतात,” मी म्हणालो.

“माझेच असतात. म्हणून तो मला टाकून पळत नाही.”

यावर काय उत्तर द्यावे हे मला अजूनही सुचलेले नाही. तेवढ्यात त्याने तोंडाने ढोलाचा ताल धरला आणि घोडीला घेऊन तो पोदेराच्या सायकलीकडे चार पावले पुढे, दोन मागे, असा ठेक्यात नाचत निघाला. माझ्या मास्तरांची दरमहा फी भरून मी जे शिकत होतो, तंतोतंत तेच हा मनुष्य विडा चघळत फुकट करत होता. शेवंतीची मान खाली आली. तिने ओठ चाटले, जबडा हलवला, निळे प्लास्टिक हुंगले आणि टोपलीतला एक पाव उचलून खाल्ला. पोदेराने पैसे माझ्याकडे मागितले.

भाड्याच्या दुचाकीवरून आलेल्या दोन पर्यटकांनी याचे चित्रीकरण केले, हॉर्न वाजवून आम्हांला आभार कळवले आणि घोडी पुन्हा रस्त्याच्या मध्यावर आली. इथे मात्र मला विनोद सुचत नाही. घोडा दिसला की आमच्याकडे वाहन चालवणाऱ्याचा पाय ब्रेकवर जाण्याआधी अंगठा हॉर्नवर जातो. सावकाश जा, म्हणून हात वर केला तर समोरचा हात हलवून नमस्कार करतो आणि तेवढ्याच वेगाने निघून जातो. रिकामा ट्रक खड्ड्यातून खडखडत गेला की त्याचा मागचा फळका बंदुकीसारखा वाजतो. त्या आवाजाने घोडी रस्त्यावर आडवी झाली आणि मागून दुसरा ट्रक येत असला तर काय होईल, याचा विचार मी दर रविवारी करतो आणि तो विचार माझ्या मांड्यांतून खोगिराखाली पोहोचतो. अंगावर बसलेल्या माशीची जाणीव होणाऱ्या प्राण्यापासून मी हा विचार कसा लपवावा? आत्मविश्वास घोडीनेही वाढवायचा आणि मीही. रस्त्यावरच्या बाकी मंडळींनी मात्र काहीही कमी करायचे नाही, अगदी वेगसुद्धा.

निरोप घेताना त्या गृहस्थाने लगाम माझ्या हाती दिला, घोडीच्या मानेवर थोपटले आणि मला न्याहाळून म्हणाला, “येत्या शिगम्यात आमच्यात एक घोडा कमी आहे. तुमची उंची बरी आहे. पण बाब, दचकणारा चालत नाही.”

मास्तरांना हे सांगितले तर ते खूप हसले आणि त्यांनी त्याला पुढच्या रविवारी ढोल घेऊन बोलावले आहे. घोडीला आवाजाची सवय होईल म्हणतात. ढोलवाल्याचा चहा, विडा आणि येण्याजाण्याचे भाडे माझ्या फीत मिळवले आहे.