‘४८ तासांत विषाणू साफ’: प्रयोगशाळेच्या प्लेटमध्ये, पोटात नव्हे

‘आयव्हरमेक्टिनने करोना ४८ तासांत ५००० पट घटतो, प्रयोगशाळेत सिद्ध. गुण नाही आला तर डोस वाढवा.’ जंतांवरच्या या औषधाचा हा निरोप परत फिरतोय. या वेळी तो मावशीच्या फोनवर पोचला आणि तिने गोळ्या काढूनही ठेवल्या. म्हणून हे.

आधी डोसचं, कारण जिवावर बेतणारं तेच आहे. निरोपातला आकडा ज्यातून आला, त्या मेलबर्नच्या २०२० च्या प्रयोगात पेशींवरच्या द्रवात औषध ५ मायक्रोमोलर होतं. रेणुभार सुमारे ८७५, म्हणजे मिलिलिटरला जवळजवळ ४४०० नॅनोग्रॅम. नेहमीचा डोस, किलोला २०० मायक्रोग्रॅम, घेतल्यावर रक्तात ते चढून चढून मिलिलिटरला काही दशक नॅनोग्रॅम होतं. फरक शंभरपटीच्या आसपास. त्यातही ९० टक्क्यांहून जास्त औषध रक्तातल्या प्रथिनांना चिकटलेलं. गोळ्या वाढवून ही दरी भरत नाही. त्याआधी गुंगी, तोल जाणं, झटके, कोमा.

‘५००० पट’ हा आकडा आरटी-पीसीआरचा, म्हणजे साधारण १२ सायकलींचा (दर सायकलीला नक्कल दुप्पट) फरक. पीसीआर आरएनए मोजते. संसर्ग करू शकणारा विषाणू किती उरला, ते प्लाक, म्हणजे विषाणूने पेशी मारून पाडलेले ठिपके, मोजल्यावरच कळतं.

‘विषाणू घटला म्हणजे औषध लागू पडलं’? पेशीच मेल्या तरी विषाणू घटतोच! म्हणून विषाणू न घातलेल्या पेशींवर तेच औषध, तेवढेच तास ठेवायचं. तिप्पट-तिप्पट पातळ करत आठ मात्रा, प्रत्येकीला तीन वेल, म्हणजे प्लेटमधले खळगे. औषध विरघळवणारं डीएमएसओ सगळीकडे सारखं, ०.५ टक्क्याच्या आत. कडेचे वेल सोडायचे, तिथलं मीडियम (पेशींचा पोषक द्रव) उडतं आणि औषध आपोआप दाट होतं. निम्म्या पेशी मारणारी मात्रा निम्मा विषाणू रोखणाऱ्या मात्रेच्या जेमतेम दुप्पट निघाली, तर हातात विष आहे. मेलबर्नच्या गटाला पेशींवर विषारी परिणाम दिसला नव्हता, हे कबूल. प्रयोग खोटा नाही, निरोप खोटा आहे.

आणि पेशी कुठल्या? व्हेरो, आफ्रिकी हिरव्या माकडाच्या मूत्रपिंडातल्या. ‘नेचर’मध्ये २०२० साली जर्मन गटाने दाखवलं की व्हेरोत विषाणू अडवणारं क्लोरोक्विन हे मलेरियाचं औषध माणसाच्या फुप्फुसाच्या कॅलू-३ पेशींत निकामी ठरतं. व्हेरोत विषाणू एंडोसोममधून, म्हणजे पेशीतल्या आम्ल पिशवीतून, शिरतो, त्याला तिथली आम्लता लागते आणि क्लोरोक्विन ती उतरवतं. कॅलू-३ मध्ये टीएमपीआरएसएस२ हे एन्झाइम त्याला पृष्ठभागावरूनच आत घेतं. पुढे रिकव्हरी या ब्रिटनमधल्या मोठ्या चाचणीत रुग्णालयात दाखल झालेल्यांपैकी हायड्रॉक्सीक्लोरोक्विन (क्लोरोक्विनचंच भावंड) दिलेले २७ टक्के २८ दिवसांत दगावले, न दिलेले २५ टक्के.

‘स्वस्त आहे म्हणून दडपलं’? डेक्सामेथासोन हे स्टेरॉइड आयव्हरमेक्टिनहून जुनं, तेही स्वस्तच. ते उपयोगी असल्याचं याच रिकव्हरी चाचणीने जून २०२० मध्ये जाहीर केलं.