तांब्याच्या नळ्या आणि हिरवं ‘विष’

चोपडा-यावल-रावेरकडच्या ग्रुपांवर एक मेसेज फिरतोय, तुमच्याकडेही आला असेल. 9 व्होल्टची बॅटरी, एक 555 आयसी, दोन-चार रेझिस्टर आणि तांब्याच्या नळीचे दोन तुकडे घ्यायचे. नळ्यांना ओलं फडकं गुंडाळून दोन्ही मुठींत धरायच्या. 7 मिनिटं चालू, 20 मिनिटं बंद, असं तीनदा. मग म्हणे रक्तातले जंतू मरतात, अंगातलं विष हिरवं होऊन बाहेर पडतं, शुगरच्या गोळ्या सुटतात, सिकलसेलसुद्धा आटोक्यात येतो. ‘आईन्स्टाईनच्या संशोधनावर आधारित, औषध कंपन्यांनी दाबून ठेवलेलं.’ आणि खाली सर्किटचा फोटो.

सर्किट बरोबर आहे, ते आधीच सांगून टाकतो. मोटरी आणि स्टार्टर दुरुस्त करणाऱ्या माणसाला तेवढं कळतं. 555 ही साधी टायमरची आयसी, योग्य किमतीचे भाग लावले की सेकंदाला 30 हजार वेळा चालू-बंद होणारी चौकोनी लहर देते. यंत्र चालतं. लोक फसतात ते त्यामुळेच.

आता ते हिरवं विष. फडक्यावर हिरवट डाग येतो हे खरं आहे. पण डाग कुठल्या नळीवर येतो, तेही बघा. या सर्किटची लहर 0 ते 9 व्होल्टमध्येच नाचते, शून्याखाली जात नाही. म्हणजे एक नळी कायम पॉझिटिव्ह. पॉझिटिव्ह नळीचं तांबं झिजतं, घामातल्या आणि फडक्यातल्या मिठाशी मिळतं आणि हिरवा क्षार तयार होतो. दुसऱ्या नळीवर जवळजवळ काहीच नाही. मग विष फक्त उजव्या हातातूनच का निघावं, भो? तारा उलट जोडा, डाव्यातून निघेल. त्याहून सोपं करायचं तर माणूसच काढून टाका: दोन्ही नळ्यांना मिठाच्या पाण्यात भिजवलेलं फडकं गुंडाळा, धातूला धातू लागू न देता फडक्याला फडकं दाबून ठेवा आणि बटण चालू करा. डाग तोच. पाय बुडवून ‘डिटॉक्स’ करायच्या टबातलं तपकिरी पाणी हा त्याचाच भाऊ, तिथे लोखंड गंजतं एवढाच फरक. पाय न घालताही पाणी तपकिरी होतं. निगेटिव्ह नळीखाली मात्र अल्कली तयार होते. रोज तासभर धरली की तिथली कातडी खाजते, लाल होते. मेसेज त्याला ‘विष सुटताना होतं तसं’ म्हणतो.

आईन्स्टाईनचा या यंत्राशी काडीचा संबंध नाही. ते 1955 मध्ये गेले. न्यूयॉर्कमध्ये त्यांच्या नावाचं मेडिकल कॉलेज आहे. तिथल्या संशोधकांनी 1990 च्या सुमारास एचआयव्ही मिसळलेल्या द्रवातून 50 ते 100 मायक्रोअँपिअर प्रवाह सोडला आणि विषाणूंची लागण करायची ताकद कमी झाल्याचं सांगितलं. प्रयोग शरीराबाहेरचा होता. फॉरवर्ड होता होता कॉलेजचं नाव माणसाला चिकटलं आणि प्रयोगातल्या द्रवाचं नसांतलं रक्त झालं.

हा फरक बारीक नाही. प्रयोगात प्रवाहाला त्या द्रवाशिवाय वाटच नव्हती. तुमच्या मुठीतून निघालेला प्रवाह कातडी, स्नायू, पेशींच्या भोवतीचं खारट पाणी अशा हजार वाटांनी पांगतो. पेशीचं आवरण विजेने फोडायचं तर दर सेंटिमीटरला हजार व्होल्टच्या घरातला जोर लागतो. इथे आहेत 9 व्होल्ट, तेही एका तळहातापासून दुसऱ्यापर्यंत पसरलेले. आणि तेवढा जोर आलाच, तर ही पेशी जंतूची आणि ही तुमची, हे विजेला कोण सांगणार?

सिकलसेलचं नाव वाचून मात्र डोकं फिरलं. सातपुड्यात, धडगाव-अक्कलकुव्याकडे हा आजार घराघरांत ठाऊक आहे. तो जंतूंचा नाहीच. आईबापांकडून आलेल्या जनुकामुळे हिमोग्लोबिनच वेगळं बनतं. हाडांतल्या मज्जेतून रोज रक्ताच्या नव्या पेशी येतात, त्याही तशाच. मारणार काय? गंमत म्हणजे या आजारात विजेचा खरा उपयोग आहेच, पण तपासणीत. इलेक्ट्रोफोरेसिसमध्ये विजेच्या दाबाखाली सिकलचं हिमोग्लोबिन वेगळ्या चालीने सरकतं. रसायनशास्त्रज्ञ लायनस पॉलिंग आणि सहकाऱ्यांनी 1949 मध्ये ते दाखवलं. उपचारात हायड्रॉक्सीयुरियाच्या गोळ्या असतात आणि त्या डॉक्टरच्या देखरेखीखालीच घ्यायच्या असतात.

शुगरचं थोडक्यात. जेवणाची वेळ, चालणं, झोप यांनी मीटरवरचा आकडा तसाही वरखाली होतो. यंत्र धरल्यावर उतरला म्हणजे यंत्राने उतरवला असं नाही. टाइप 1 मधुमेहाच्या, म्हणजे अंगात इन्सुलिनच न बनणाऱ्या पोराचं इन्सुलिन थांबवलं तर काही दिवसांतच रक्तात आम्ल साठून जीवावर बेततं. मधुमेह बरा करतो अशी जाहिरात करायला 1954 च्या कायद्याने बंदी आहे, ते उगाच नाही.

‘डॉक्टरही करंट देतातच की.’ देतात. फिजिओथेरपीतलं टेन्स मशीन दुखणं तात्पुरतं कमी करायला वापरतात, जंतू मारायला नाही. तेही पेसमेकरवाल्याला देत नाहीत.

दाबून ठेवल्याचं म्हणाल, तर हे सर्किट आणि ती 7-20 ची वेळ हल्डा क्लार्क या बाईंनी 1990 च्या दशकात अमेरिकेत पुस्तकात छापून विकली. कॅन्सरही बरा होतो असा त्यांचा दावा होता. 2009 मध्ये त्या मल्टिपल मायलोमाने, म्हणजे कॅन्सरनेच, वारल्या.

मेसेजची शेवटची ओळ सगळ्यात वाईट: ‘बॅटरी परवडत नसेल तर सेट-टॉप बॉक्सचा अडॅप्टर लावा.’ बॅटरीवर ओल्या हातातून फार तर 5-10 मिलिअँपिअर जातात, मुंग्या येतात, बस. पण स्वस्तातल्या अडॅप्टरचं आतलं इन्सुलेशन गेलं की 230 व्होल्ट थेट नळीवर. आपल्याकडे न्यूट्रल तुटणं, होल्टेज भडकणं नवं नाही, असे जळके अडॅप्टर आमच्या टेबलावर ढिगाने येतात. माणूस अनवाणी, फरशी ओली, मुठीत ओलं फडकं. 10 मिलिअँपिअरच्या वर गेलं की मूठ आपोआप आवळते, नळी सोडायची म्हटलं तरी सुटत नाही. 30 मिलिअँपिअरला लाइन पाडणारा आरसीसीबी गावातल्या किती बोर्डांत आहे? ग्रुपवर ती ओळ दिसली तर अॅडमिनला फोन करून उडवायला सांगा.