रेकॉर्डवरचं पाचवं गाणं

मागच्या महिन्यात आमच्या घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर पुन्हा तोच वाद निघाला : क्वीन या इंग्लिश रॉक बँडचा गायक फ्रेडी मर्क्युरी नक्की कोणाचा? मावशीने पाचगणीच्या सेंट पीटर्स शाळेचा फोटो टाकला आणि खाली लिहिलं, 'आपला फ्रेडी मर्क्युरी इथे शिकला.' त्यावर वाईहून दादाचं उत्तर आलं, 'आपला कशावरून? त्याने कधी पाचगणीचं नाव मिरवलं?' मग एकाने त्याचं मूळ आडनाव काढलं, बलसारा, म्हणजे मूळचा बलसाडचा पारशी. दुसऱ्याने जन्म काढला : 1946, पूर्व आफ्रिकेजवळचं झांझिबार बेट. रात्री उशिरा दादाने मला विचारलं, 'तू तर त्याच्या घराजवळ राहतेस. तिकडे काय म्हणतात?'

जवळच राहते मी. झांझिबारमधल्या क्रांतीनंतर 1964 साली बलसारा कुटुंब इंग्लंडला आलं आणि हीथ्रो विमानतळाजवळच्या फेल्टममध्ये, ग्लॅडस्टन ॲव्हेन्यूवरच्या एका साध्या घरात राहिलं. 2016 पासून त्या घरावर निळी पाटी आहे, इथे नामवंतांच्या घरांवर लावतात तशी. कामावरून येताना मी कधी कधी त्या रस्त्याने वळते. डोक्यावरून विमानं उतरत असतात. याच विमानतळावर फ्रेडीने सामान उचलायचं कामही केलं होतं. इथे तो सगळ्यांचा लाडका आहे, पण परदेशातून आलेल्या लोकांवर वाद रंगतो तेव्हा, तोही असाच आलेल्या घरातला मुलगा होता, असं कोणी म्हणालेलं मी अजून ऐकलेलं नाही.

आमच्या ग्रुपवर साठ-सत्तर निरोप आले, त्यात गाण्याबद्दल एकही नव्हता, याचं मला वाईट वाटलं. तो कोणाचा हे ठरवायला आम्ही शाळा, आडनाव, धर्म, पासपोर्ट सगळं काढलं. त्याचं गाणं मात्र सगळ्यांना एकच माहीत, 'वी विल रॉक यू', आयपीएलच्या मैदानात टाळ्या वाजवायला लावतात ते.

इंग्लंडमध्येही फार वेगळं नाही. क्वीनचा 1981 चा 'ग्रेटेस्ट हिट्स' हा या देशात सर्वाधिक खपलेला अल्बम आहे, 70 लाखांच्या वर. घराघरात तो आहे, आणि म्हणूनच ज्या मूळ रेकॉर्डींमधून ती गाणी उचलली त्या फारशा कोणी ऐकत नाही. स्टेडियममधलं ते टाळ्यांचं गाणं 1977 च्या 'न्यूज ऑफ द वर्ल्ड'चं. त्याच रेकॉर्डवर बँडच्या बासवादक जॉन डीकनने लिहिलेलं 'स्प्रेड युअर विंग्ज' आहे : बारमध्ये झाडू मारणाऱ्या एका पोराचं गाणं. फ्रेडी ते इतक्या मायेने गातो की त्या पोराच्या पाठीवर हात ठेवल्यासारखं वाटतं. 1978 च्या 'जॅझ'ची सुरुवात 'मुस्तफा'ने होते. अजानसारखी पहिली हाक, मग अरबी वळणाचे शब्द, आणि गाणं धावत सुटतं. झांझिबार आणि पाचगणी त्याच्या आवाजात शोधायचीच असतील तर मी इथून सुरुवात करेन.

पण मला धरून ठेवलं ते वेगळ्याच गाण्याने. दोन वर्षांपूर्वी जुन्या वस्तूंच्या दुकानात 'अ नाइट ॲट द ऑपेरा' ही 1975 ची रेकॉर्ड मिळाली. मला 'बोहेमियन ऱ्हाप्सडी' हवं होतं, ते दुसऱ्या बाजूला. सुई चुकून पहिल्या बाजूवर ठेवली आणि उठायचा कंटाळा केला. पाचवं गाणं लागलं, ''39'. साधी गिटार, लोकगीतासारखी चाल, डीकनचा उभा डबल बास, आणि गाणारा फ्रेडी नव्हे, बँडचा गिटारवादक ब्रायन मे. गाणंही त्याचंच. खगोलशास्त्राचा हा विद्यार्थी. बँडसाठी अर्धवट सोडलेली पीएचडी त्याने 2007 मध्ये पूर्ण केली. गाण्यातले लोक नवी जमीन शोधायला अंतराळात जातात. त्यांचं एकच वर्ष सरतं. प्रकाशाच्या वेगाजवळ गेलं की काळ मंदावतो. ते परत येतात तेव्हा पृथ्वीवर शंभर वर्षं उलटलेली असतात. जिला सोडून गेला ती राहिलेली नाही. तिचे डोळे आता पुढच्या पिढीच्या चेहऱ्यावर आहेत.

मी स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून ते ऐकलं आणि रडले. आईच्या वेळी मी वेळेवर पोचले नव्हते.

2006 मध्ये मी वाई सोडली. तेव्हापासून माझ्या मनातली वाई म्हणजे मेणवलीचा घाट, ढोल्या गणपती, पसरणी घाटातला पाऊस आणि मे महिन्यातली जांभळं. एवढीच. दरवेळी घरी गेले की मी हेच मागते, आणि काही बदललेलं दिसलं की बोलून दाखवते. मागच्या खेपेला दादा शांतपणे म्हणाला, 'तू म्हणतेस ती वाई आम्हीही बघितली. पण आम्ही पुढेही राहिलो.' तेव्हा मला राग आला होता. आता वाटतं, त्याचं बरोबर होतं. बाहेर राहणाऱ्यांनी बोलूच नये असं मला पटत नाही. लांबून काही गोष्टी खरोखर स्पष्ट दिसतात. पण बोलण्याआधी पूर्ण रेकॉर्ड ऐकलेली असावी. नव्या वस्तीत कोण राहायला आलं, मावशीच्या गल्लीतली शाळा कशी चालते, भाच्याला शेती करावीशी वाटते की नाही, हे मी कित्येक वर्षांत विचारलेलं नव्हतं.

दादाच्या प्रश्नाला मी त्या रात्री उत्तर दिलं नाही. फक्त ''39' पाठवलं आणि लिहिलं, 'हे ऐक, मग बोलू. आणि भाच्याला सांग, रविवारी फोन करते, शेताबद्दल विचारायचं आहे.'

दुसऱ्या दिवशी निरोप आला, 'पसरणी घाटात गाडी बाजूला घेऊन दोनदा ऐकलं. त्या रेकॉर्डवरचं सहावं कुठलं?'