डेंग्यू झालेल्या बाळंतिणीचं दूध म्हणे विष!

पुतणीला बाळंतपणाच्या चार दिवस आधी ताप चढला. डेंग्यूची एनएस-१ रक्ततपासणी पॉझिटिव्ह आली. ताप उतरला, बाळंतपण नीट पार पडलं, सहाव्या दिवशी मायलेकरं घाटंजीजवळच्या आमच्या गावी घरी आली. त्याच संध्याकाळी व्हॉट्सॲपवर मेसेज: डेंग्यू झालेल्या आईपासून बाळाला डेंग्यू होतोच, तिचं दूध विष, सात दिवस बकरीचं दूध पाजा, पपईच्या पानाचा रस दोन थेंब जिभेवर सोडा, आईची बाज वेगळी ठेवा. खाली ‘डॉक्टर हे सांगत नाहीत’ हे शेपूट.

सकाळी मी पोचले तर पोरगी भिंतीकडे तोंड करून पडलेली, दूध साकळून छाती दगड झालेली. बाळ दुसऱ्या खोलीत, रडून आवाज बसलेलं. वाटीत बकरीचं दूध, खलबत्त्यात हिरवा लगदा. ‘पाजू नोका म्हनते न मोबाइलात,’ मोठी माय म्हणाली.

आधी दुधाचं बोलू. डेंग्यूचा विषाणू काही मोजक्या बायांच्या दुधात सापडलाय, हे कबूल. पण ते सगळं माहीत असूनही जागतिक आरोग्य संघटना पाजणं थांबवा म्हणत नाही, पाजत राहा म्हणते. सहा दिवसांच्या लेकराच्या कोवळ्या किडनीला बकरीच्या दुधातली प्रथिनं नि क्षार झेपत नाहीत. वाटी-चमच्यातून जुलाब लागले तर ते सुकायला वेळ लागत नाही. आणि पपईचा रस? मोठ्यांच्या प्लेटलेट्स त्याने थोड्या वाढल्याचे काही अभ्यास आहेत, असू देत. तान्ह्या बाळाच्या जिभेवर आईच्या दुधाशिवाय पाणीसुद्धा घालायचं नसतं, तिथे कुठला चीक घालता?

‘होतोच’ हे खोटं. होऊ शकतो, हे खरं, आणि मेसेजमधलं तेवढंच खरं. संघटनेच्या माहितीपत्रात तसं होण्याचं प्रमाण कमी दिसतं असं लिहिलंय, आणि धोका गरोदरपणात ताप कधी आला त्यावर ठरतो. आमच्या पोरीसारखा अगदी तोंडावर आला तर बाळावर डोळ्यात तेल घालून लक्ष ठेवायचं. पहिल्या दोन आठवड्यांत अंग तापलं, बाळ ओढेनासं झालं, सुस्त पडलं, अंगावर लाल ठिपके उठले, की रात्र असो की पाऊस, दवाखाना गाठायचा. मेसेजमध्ये याची एक ओळ नाही.

बाज वेगळी करण्याचं काय बोलावं! डेंग्यू शिवल्याने होत नाही, डास चावल्याने होतो, तोही बहुतेक दिवसाढवळ्या.

दहा वाजता बाळ छातीला लावलं. पहिल्यांदा धरेना, मग असं धरलं की पोरगी कळवळली. ते पीत होतं तेव्हा खिडकीतल्या कूलरकडे लक्ष गेलं. उन्हाळा सरून चार महिने झाले होते, तरी तळाशी वीतभर पाणी, त्यात अळ्या वळवळत होत्या. भाच्याला हाक मारली, दोघांनी तो उचलून अंगणात पालथा घातला.