नावाची पाटी

खोटं कशाला बोलू, मला गेम खेळायचे नव्हते. दिवाळीच्या बोनसमधून ग्राफिक्स कार्ड घेतलं आणि सिस्टीमची माहिती देणाऱ्या पानावर त्याचं नाव दिसेना, एवढंच दुखणं. ग्राफिक्ससमोर नुसतं 'एनव्ही१३७', एसटीचा नंबर असावा तसं. घर बांधायचं आणि दारावर पाटी लावायची नाही, हे आमच्या मंगळवार पेठेत कुणी सहन करेल काय?

माझ्या संगणकावर लिनक्स ही सिस्टीम. तिच्यात या कार्डावर आधीपासून नूवो नावाचा मोफत ड्रायव्हर, म्हणजे कार्ड हाकणारा प्रोग्राम, बसलेला असतो. कंपनी माहिती देईना म्हणून लोकांनी कार्डाच्या वागण्यावरून अंदाज बांधत लिहिलेला. गुणी पोर, पण माझं कार्ड त्याच्या हातात पळत नाही, चालतं. कंपनीचा ड्रायव्हर आणायचा तर नूवोला उठवावं लागतं, कारण दोघं एका कार्डावर नांदत नाहीत. आमच्याकडं कूळ उठवायला तीन पिढ्या कोर्टात जातात. इथं फाइलीत 'ब्लॅकलिस्ट' अशी एक ओळ पडली, खेळ खलास.

इन्स्टॉल करताना मध्येच त्याने एक पासवर्ड ठरवायला सांगितला. कशाला, ते वाचलं नाही. वाचणारा माणूस असतो तर या भानगडीत पडलोच नसतो.

रीबूट केलं आणि आईची हाक आली, "दूध उतू चाललंय!" गंगावेशीतून आणलेलं म्हशीचं दूध. धावलो. परत आलो तर स्क्रीनवरची अक्षरं भेंड्याएवढी, माउस चिखलातून चाललेला. पाटीवर आता 'एलएलव्हीएमपाइप'! म्हणजे कार्ड हातावर हात ठेवून बसलंय आणि बिचारा प्रोसेसर एकटा चित्रं काढतोय. कूळ गेलं, मालक आलाच नाही.

वरच्या मजल्यावरचा इंजिनिअरिंगचा पोरगा आला. "काका, सेक्युअर बूट चालू हाय न्हवं? मग रीबूटला ड्रायव्हरची किल्ली नोंदवायचा निळा स्क्रीन आला आसंल की. धा सेकंदात बटण दाबायचं आस्तंय."

त्या दहा सेकंदांत मी दूध वाचवत होतो.

"मग आता?"

"किल्ली पुन्हा नोंदवायची. सही पटल्याशिवाय ड्रायव्हरला आत सोडत न्हाईत."

दुसऱ्यांदा खुर्ची सोडलीच नाही. निळा स्क्रीन आला, बटण दाबलं, यादी आली आणि सवयीने एंटर मारला. पहिलाच पर्याय होता 'कंटिन्यू बूट'. म्हणजे काही न करता पुढं चला. गेलो पुढं, भेंड्याएवढ्या अक्षरांत.

लिनक्सचा जनक लिनस टोरवाल्ड्सने २०१२ साली फिनलंडमध्ये भर कार्यक्रमात याच कार्डवाल्या कंपनीला मधलं बोट दाखवलं होतं. तेव्हा मला माणूस उद्धट वाटला होता.

"आधी चालत हुतं न्हवं ते?" आई दारातून म्हणाली. "मग हात कशाला लावलास?"

या प्रश्नाला उत्तर नाही, म्हणून मी किल्ली पुन्हा नोंदवायला टाकली आणि तिसऱ्यांदा रीबूट केलं. घरात कुणी बोलायचं नाही, गॅस बंद. निळा स्क्रीन. बाण खाली, 'एन्रोल मॉक', म्हणजे किल्ली नोंदवा. खात्री आहे का? आहे बाबा. पासवर्ड टाइप करताना एक ठिपकासुद्धा दिसत नाही, त्यामुळं देवाचं नाव घेत अक्षरं दाबली.

आणि आली! पाटीवर कार्डाचं पूर्ण नाव, आकड्यांसकट. मी मोबाइलवर फोटो काढला, जिना चढून वर गेलो आणि पोराला दाखवला.

त्याने फोटो दोन बोटांनी मोठा केला.

"लई भारी काका. पण ह्यात मेमरी चार जीबीच दिसालीय. दुकानदार आठ म्हणाला हुता न्हवं?"