साठीनंतर कसला विकास? – प्रतिक्रियेला उत्तर

तुमचं म्हणणं थोडक्यात असं की माणसाचा विकास काय तो विशीपर्यंत, पुढे नुसती उतरण, 'साठी बुद्धी नाठी' हे आपल्याकडे आधीपासूनच माहीत होतं आणि मी उगाच म्हातारपणाला विकास म्हणतोय. वर पुरावा म्हणून तुमचे वडील, ज्यांना यूपीआय शिकवताना तुम्ही टेकीला आलात.

वयाबरोबर बुद्धी घसरते असं दाखवणारे आलेख खरंच आहेत हो. पण ते काढले कसे ते बघा ना. एकाच वर्षी पंचविशीतले आणि सत्तरीतले लोक बसवले, टेस्ट दिली, सत्तरीवाल्यांचे मार्क कमी आले, झालं! अहो पण त्यांच्यातल्या कितीतरी जणांची शाळा लवकर सुटलेली आणि समोरची पोरं कॉलेज केलेली, मग फरक वयाचा की पिढीचा? वॉर्नर शाय या मानसशास्त्रज्ञाने १९५६ साली अमेरिकेतल्या सिएटलमध्ये हाच घोळ सोडवायला घेतला, ५०० माणसं, दर सात वर्षांनी त्यांनाच परत टेस्ट आणि दर वेळी थोडी नवीन माणसंही. तर एकाच माणसाचा प्रवास बघितल्यावर बहुतेक क्षमतांमध्ये साठीपर्यंत फारशी घसरण दिसेना. लवकर उतरतो तो बघून झटपट ओळखण्याचा वेग.

आता तुम्ही म्हणाल की इतकी वर्षं परत येणारे मुळातच धडधाकट, आजारी लोक मधेच गळाले. बरोबर आहे, त्यामुळे चित्र थोडं जास्तच गोड दिसतं. आणि ऐंशीनंतरची उतरण मी कुठे नाकारली?

पण गमावणं म्हणजे विकास नाही हे मला पटत नाही. इंग्रजी घरातली सहा-आठ महिन्यांची बाळं हिंदीतले 'त' आणि 'ट' वेगळे ओळखतात, वर्षाची होत आली की ते जवळपास जातं, कारण कान घरच्या भाषेत तयार होत असतो. पॉल बाल्टेस हा मानसशास्त्रज्ञ म्हणायचा ते हेच, कमावणं आणि गमावणं दोन्ही जन्मभर सोबतच चालतं. मग बाळाच्या त्या गमावण्याला आपण अधोगती म्हणतो का?

राहिले वडील. शाय आणि त्याची सहकारी शेरी विलिस यांनी १९८६ मध्ये चौसष्टीपुढच्या लोकांना जेमतेम पाच तास शिकवणी दिली, तर साधारण दोन तृतीयांश लोक सुधारले आणि ज्यांची घसरण झाली होती त्यातले ४० टक्के चौदा वर्षांपूर्वीच्या पातळीवर परत आले. तेव्हा फोन तुमच्या हातात न ठेवता त्यांच्या हातात द्या, एका वेळी एकच गोष्ट, आणि बटण त्यांनाच दाबू द्या, वेळ लागला तरी. फक्त पिन फोनच्या कव्हरमागे लिहून ठेवू नका म्हणावं.