डिझेलच ना?

कुलूप ओढून ओढून बघणारी, वाण्याचा हिशेब पैशाला पैसा जुळवणारी शहाणीसुरती माणसं पेट्रोल पंपावर आली की त्यांचं डोकं कुठे चरायला जातं, कोण जाणे. नजर मोबाइलवर, काच चार बोटं खाली आणि त्या फटीतून एकच शब्द बाहेर पडतो, "फुल!" काय फुल, ते सांगायची त्यांना गरज वाटत नाही. मला वाटते. मी उतरतो, टाकीच्या झाकणापाशी जाऊन उभा राहतो आणि विचारतो, "दादा, डिझेलच ना?"

"डिझेलच साहेब."

"नक्की?"

दादा काही न बोलता नळीवरच्या ठळक अक्षरांवर बोट ठेवतो. बायको तेवढ्या वेळात दुसऱ्याच कुणाच्या तरी गाडीत चुकून बसल्यासारखा चेहरा करते.

पण माझा संशय अगदीच अनाठायी नाही. पेट्रोलच्या गाडीला निदान थोडं तरी संरक्षण आहे. डिझेलच्या नळीचं तोंड पेट्रोलच्या नळीपेक्षा रुंद असतं, त्यामुळे ते पेट्रोल गाडीच्या टाकीत सहसा शिरत नाही. पेट्रोलची बारीक नळी मात्र डिझेलच्या टाकीत, लग्नघरात आगंतुक घुसावा तशी बिनदिक्कत घुसते. आणि खरं नुकसान तिथेच. डिझेल नुसतं जळत नाही, जाता जाता आतल्या पंपाला वंगणही देतं. पेट्रोल ते वंगण धुऊन काढतं. मग धातूवर धातू घासतो, त्याचा कीस इंजेक्टरपर्यंत जातो आणि मेकॅनिक बिलाआधी नुसती मान हलवायला लागतो.

माझ्या मेहुण्याने हे सगळं प्रत्यक्ष करून दाखवलं आहे, तेही माझ्याकडून मागून नेलेल्या गाडीत. पंपावरूनच फोन आला. "दाजी, थोडंसंच गेलंय हो. वरून डिझेल ओतलं की पातळ होईल."

"किल्लीला हात लावू नकोस."

"गाडी कुठे चालू करतोय? नुसती काच वर घेतो."

मेख इथेच आहे. इंजिन चालू न करता नुसती किल्ली फिरवली, तरी बऱ्याच गाड्यांत टाकीतला पंप सुरू होतो आणि टाकीतलं पाप पुढे सरकतं. गाडी ढकलत बाजूला घ्यायची आणि टाकी उपसून घ्यायची, एवढंच करायचं असतं. हे मी त्याला सविस्तर समजावलं. तोवर त्याने काच वर घेतली होती.

दुसरी पंचाईत म्हणजे टाकीचं तोंड कुठल्या बाजूला. फोर्डमधला जिम मॉयलन नावाचा इंजिनिअर १९८६ साली पावसात कंपनीची गाडी घेऊन पंपावर गेला, तोंड नेमकं भलत्या बाजूला निघालं आणि तो भिजला. आपण असतो तर पावसाला शिव्या घालून मोकळे झालो असतो. त्याने कंपनीला लिहून दिलं, की इंधनाच्या काट्याशेजारी बाजू दाखवणारी खूण असू द्या. तोच छोटा बाण १९८९च्या मॉडेलांपासून फोर्डच्या गाड्यांत आला आणि पुढे जगभर पसरला. मेहुण्याला तो इंडिकेटर वाटत होता.

नळी 'टक्' करून आपली आपण थांबते, तिचंही मला कौतुक आहे. तिच्या टोकाशी बारीक भोक असतं, त्यातून सारखी हवा ओढली जात असते. इंधन वर चढून ते भोक बुजलं की आतला खटका पडतो. निर्जीव नळीला कळतं, पुरे. आपण मात्र म्हणतो, "राउंड फिगर करा की." टाकीत वर मोकळी जागा ठेवलेली असते, ती तापल्यावर इंधन फुगतं म्हणून. पण रकमेच्या शेवटी शून्य दिसल्याशिवाय माणसाला चैन पडत नाही.

स्वतः भरायचं असेल तर आणखी एक पथ्य: नळी लावून गाडीत परत जाऊन बसायचं नाही. सीटला घासून अंगात स्थिर वीज साठते आणि पेट्रोलची वाफ उणे ४० अंशांतसुद्धा पेटू शकते. म्हणून नळीला हात लावण्याआधी मी दाराच्या पत्र्यावर अख्खा तळहात टेकवतो. मागच्या रांगेतल्यांना वाटतं, मी गाडीला आशीर्वाद देतोय.

पंपाच्या नळीत एक जोड असा असतो, की जोराचा हिसका बसला तर तो आपोआप सुटतो. म्हणजे कुणीतरी नळीसकट निघून जाणार, हे बनवणाऱ्यांनी आधीच धरून ठेवलेलं आहे. हे बायकोला सांगितलं. तेव्हापासून ती मला पंपाच्या अलीकडच्या कोपऱ्यावर उतरवते, टाकी भरून झाली की परत घ्यायला येते. झाकण लावलंस का, हे मी गाडीत बसायच्या आधी विचारतो.